जेईईची बॅच घ्यावी की सीईटीची? मुलगी बारावीत, शनिवारपर्यंत सांगायचं आहे

मानेवाड्याची_आई

मुलीची अकरावीची परीक्षा संपली न संपली तोच क्लासवाल्यांनी पालकांची मीटिंग लावली. बारावीला दोन बॅच पाडणार म्हणतात. एक जेईईची, म्हणजे देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेची, दुसरी बोर्ड आणि सीईटीची, म्हणजे आपल्या राज्याच्या प्रवेश परीक्षेची. शनिवारपर्यंत नाव द्या, मग बदलून मिळणार नाही. जेईईची फी दुसरीच्या जवळपास दुप्पट. मीटिंगनंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, 'हुशार मुलगी आहे, हिला सीईटीत कशाला अडकवता?' खरं सांगायचं तर बरं वाटलं. मग पार्किंगमध्ये शेजारच्या बाई भेटल्या, त्यांनाही अगदी हेच वाक्य सांगितलेलं निघालं. तेव्हापासून डोकं फिरलंय.

पोरगी स्टेट बोर्डाची, इंग्रजी माध्यम. केमिस्ट्री मनापासून करते. गणित येतं, पण तिची वही बघाल तर समास आखलेला, एकेक पायरी मांडलेली, उत्तराला पेन्सिलीने चौकट. वेळ कुठून पुरणार? जेईई पॅटर्नची टेस्ट असली की निगेटिव्ह मार्कांच्या भीतीने निम्मे प्रश्न कोरे सोडून येते. घरी बसवून विचारलं की त्यातले बरेच बरोबर सांगते. सीईटीच्या टेस्टचं उलटं. कोरं काही नसतं, पण शेवटचे कितीतरी प्रश्न घंटा व्हायच्या आत नुसते ठोकलेले.

घरचं सांगते म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. मिस्टर एसटीत, मी पतसंस्थेत. दोघांचं मिळून वर्षाचं आठ लाखांच्या आत. आम्ही कुणबी, म्हणजे ओबीसी. बाहेरगावी पाठवायला माझी ना नाही, पण हॉस्टेल-मेस धरून चार वर्षं झेपलं पाहिजे. तिला केमिकल किंवा कॉम्प्युटर पाहिजे, अन् इथल्या नागपूरच्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजासमोरून गाडी गेली की मान तिकडे वळतेच.

जेईई सोडली तर पुढे हळहळत बसू का? दोन्ही धरू म्हटलं तर दोन्हीकडून जाईल का? नातेवाइकांना विचारून झालं. प्रत्येकाचा एक भाचा आयआयटीत आहे आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा आहे.

बॅकबेंचर_अंबाझरी

काकू, मी व्हीएनआयटीला सेकंड इयरला आहे. मीपण स्टेट बोर्डवालाच, म्हणून लिहून राहिलो.

आधी एक घोळ काढून टाका. जेईई म्हणजे एक परीक्षा नाही. मेन वेगळी, अॅडव्हान्स्ड वेगळी. आयआयटीला अॅडव्हान्स्ड लागते. व्हीएनआयटी ही एनआयटी आहे, म्हणजे केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज, तिथे मेनची रँक पुरते, अॅडव्हान्स्डचं कोणी नाव काढत नाही. अन् सीईटीला शंभर पर्सेंटाइल आणले तरी व्हीएनआयटीत त्याचा उपयोग नाही. क्लासवाले 'जेईई बॅच' म्हणतात तेव्हा त्यात अॅडव्हान्स्ड किती अन् मेन किती ते विचारून घ्या. आमच्या क्लासला अर्धा वेळ अॅडव्हान्स्डच्या शीट्स सोडवण्यातच गेला, अन् बॅचमधल्या बहुतेक पोट्ट्यांना तिथपर्यंत पोहोचायचंच नव्हतं.

मेन मात्र सोडू नका काकू. व्हीएनआयटीच्या अर्ध्या जागा महाराष्ट्राच्या पोरापोरींना असतात, अन् अख्ख्या राज्यात एनआयटी ही एकच. वरून मुलींच्या जागा वेगळ्या, त्यावर ओबीसीचं आरक्षण. एवढं सगळं तिच्या बाजूनं असताना फॉर्मच न भरणं म्हणजे काय बोलावं. मेन जानेवारीत अन् एप्रिलमध्ये अशी दोनदा होते, ज्यात जास्त तो स्कोअर धरतात.

बुटीबोरीकडच्या ट्रिपल आयटीचं कोणी सांगितलं तर तिथेही मेनच लागते, पण तिथे राज्याचा कोटा नाही. देशभरातल्या पोरांशी एकाच रांगेत उभं राहावं लागते.

मला विचाराल तर जेईईची बॅच घ्या. फिजिक्स जेईईच्या लेव्हलचं केलं की सीईटीचं आपोआप होते. उलटं होत नाही.

फॉर्मवाला_सक्करदरा

ताई, सक्करदऱ्याला माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, झेरॉक्स-लॅमिनेशन सकट. जून लागला की ऑगस्टपर्यंत समोर कॅप राउंडचीच, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांचीच गर्दी. अभ्यासातलं मला कळत नाही, ते इथले सर लोक सांगतील. पण परीक्षा झाल्यावर आईबापांची काय धावपळ होते ते मी काउंटरच्या अलीकडून बघतो, तेवढं सांगतो.

एक म्हणजे पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली किती पोरं आपल्या मागे ते. मेनला ९० अन् सीईटीला ९० हे एकच समजून लोक हिशेब मांडतात. मेनला देशभरातून चौदा लाखांवर पोरं बसतात, म्हणजे एका पर्सेंटाइलमागे चौदा हजार डोकी. सीईटीत आपल्या राज्यातल्याच पोरांशी गाठ असते. दोघांची तुलना होत नाही. मेनला ९० आले म्हणून रडत आलेली पोरगी मी पाहिली आहे, अन् तिचंच सीईटीतून चांगल्या सरकारी कॉलेजात नाव लागलेलंही पाहिलं आहे.

आता पैशाचं, कारण तुम्ही उत्पन्न लिहिलं म्हणून. ही गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत. राज्य सरकारने २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी अन् ईडब्ल्यूएसच्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केली आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. खासगी अभिमत विद्यापीठं अन् स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही त्यातून वगळली आहेत. नागपुरात कालपर्यंत कॉलेज होतं अन् आता विद्यापीठ झालं असं उदाहरण आहे, तेव्हा जुन्या माहितीवर जाऊ नका, फी विचारूनच नाव टाका.

व्हीएनआयटी केंद्राची, तिथे राज्याची ही माफी नाही. एनआयटीची ट्यूशन फी वर्षाला सव्वा लाख. एससी-एसटीला माफ आहे. बाकीच्यांना उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, पाच लाखांपर्यंत असेल तर दोन तृतीयांश माफ. तुमचं पाचच्या वर अन् आठच्या आत, म्हणजे पूर्ण भरावी लागेल. व्हीएनआयटी नको असं मी म्हणत नाही. मिळाली तर डोळे झाकून घ्या, कर्ज काढून घ्या, घरून डबा घेऊन जाईल पोरगी. पण 'सीईटी म्हणजे गरिबाची परीक्षा अन् जेईई म्हणजे मोठी' हे जे डोक्यात भरवतात, त्यांनी हा हिशेब कधी मांडलेला नसतो.

अन् पोरीला केमिकल पाहिजे म्हणता तर अमरावती रोडवरच्या एलआयटीचं नाव कसं नाही आलं? १९४२ ची संस्था आहे, २०२३ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालं, पण सरकारीच. केमिकल हीच तिची ओळख. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी. तुमच्या मानेवाड्याहून रोज जाऊन-येऊन करता येते.

गेल्या हंगामात एक गृहस्थ ऑप्शन फॉर्म भरायला आले. विजेच्या बिलाच्या पाठीमागे कॉलेजांची नावं लिहून आणली होती. पहिलं नाव पुण्याच्या सीओईपीचं, दुसरं व्हीजेटीआय, तिसरं थेट हिंगणा रोडवरचं एक खासगी कॉलेज, चौथं पुन्हा मुंबईचं. मी विचारलं, पुण्याला लागलं तर पाठवणार का? नाही म्हणाले, पोरगी नागपूर सोडणार नाही. मग पहिलं नाव कशासाठी? 'असू द्या, वरचं आहे ना.' ताई, पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो ऑटो-फ्रीज होतो, म्हणजे आपोआप पक्का. तो घेतला नाही तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. त्यांना तिथे बसवून अख्खी यादी पुन्हा लिहायला लावली. मागे रांग ओरडून राहिली होती, ओरडू दिली.

तुम्ही हेच काम आत्ता करा, बॅच ठरवायच्या आधी. पोरगी खरोखर जाईल अन् तुम्ही खरोखर पाठवाल अशीच नावं कागदावर उतरवा. प्रत्येकासमोर कोणती परीक्षा चालते ते लिहा. व्हीएनआयटीसमोर मेन. एलआयटी, नागपूरचं शासकीय अभियांत्रिकी, अमरावतीचं शासकीय, पुणे-मुंबईची सरकारी, वायसीसीई, सगळ्यांसमोर सीईटी. खासगी कॉलेजात पंधरा टक्के जागा अखिल भारतीय म्हणून मेनवर भरतात, पण त्या भरवशावर बसू नका. माझ्या अंदाजाने तुमच्या कागदावर एका नावासमोर मेन येईल अन् बाकी पानभर सीईटी. फी कशासाठी दुप्पट भरायची ते मग तुम्हीच बघा.

निवृत्त_गणितमास्तर

वरच्या दोघांचं वाचलं. फॉर्मवाल्या भाऊंनी पैशाचं छान सांगितलं. विद्यार्थ्याचं फिजिक्सबद्दलचं म्हणणंही खरं आहे, पण गणित आणि केमिस्ट्रीत 'आपोआप होतं' हे मला मान्य नाही. जन्म ज्युनिअर कॉलेजात खडू झिजवण्यात गेला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जेईई मेनमध्ये ७५ प्रश्न, ३०० गुण, तीन तास. एका प्रश्नाला सव्वादोन मिनिटांहून थोडे जास्तच मिळतात. बरोबरला चार, चुकला तर एक वजा. सीईटीत १५० प्रश्न, २०० गुण, वेळ तोच. पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीची, त्यात शंभर प्रश्न. म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. मग तो भाग बंद होतो आणि गणित उघडतं, ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, ९० मिनिटं. एका भागातला उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. निगेटिव्ह नाही. अभ्यासक्रम अकरावीचा साधारण २० टक्के, तोही ठरलेल्या धड्यांचा, आणि बारावीचा ८० टक्के.

आता 'आपोआप'चं बघा. स्टेट बोर्डाच्या बारावीच्या गणितात मॅथेमॅटिकल लॉजिक, लिनिअर प्रोग्रामिंग, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स हे धडे आहेत आणि सीईटीत त्यावर हमखास प्रश्न असतात. जेईईच्या बॅचमध्ये यांना कोणी हात लावत नाही. केमिस्ट्रीत २०२४ पासून जेईई मेनमधून सॉलिड स्टेट, पॉलिमर हे गेलं, सीईटीत मात्र आहे. ग्रीन केमिस्ट्रीही आहे. हे धडे बालभारतीचं पुस्तक ओळ न ओळ वाचलेल्या मुलाला सुटतात. एप्रिलपर्यंत जेईईच करत राहिलेली मुलं सीईटीला बसतात आणि नेमके हे सोपे गुण टाकून येतात. उलट बाजूला, बोर्ड-सीईटीच्या बॅचमध्ये अकरावीतलं सिक्वेन्सेस अँड सीरीज किंवा बायनॉमियल थिअरम कोणी पुन्हा काढत नाही आणि मेनमध्ये ते लागतं. ते तिला स्वतः करावं लागेल.

तुमच्या मुलीबद्दल. ती प्रश्न कोरे सोडते, यात भीतीपेक्षा हिशेब न कळणं जास्त आहे. तिला कागदावर दाखवा. चार पर्यायांतले दोन नक्की चूक आहेत हे कळलं आणि उरलेल्या दोघांतून एक निवडला, असे चार प्रश्न केले, तर सरासरी दोन बरोबर येतात, दोन चुकतात. आठ मिळाले, दोन गेले, सहा पदरात. कोरे सोडले असते तर शून्य. अगदी डोळे मिटून चार प्रश्नांना खुणा केल्या तरी एक बरोबर, तीन चूक, म्हणजे चारातून तीन गेले आणि एक गुण शिल्लक राहतोच. डोळे मिटून खुणा करा असं मी सांगत नाही. पण ज्या मुलीला निम्मं येतं तिने तो प्रश्न सोडून उठणं हे गणिताच्या विरुद्ध आहे. हे एकदा पटलं की तिचे मेनचे गुण अभ्यास न वाढवता वाढतील.

सीईटीला वेग लागतो आणि वेग सवयीने येतो. चौकट आखायची सवय बोर्डाच्या पेपरात उपयोगी आहे, तिथे राहू द्या. सीईटीच्या सरावाला तिला वही देऊच नका. रद्दी कागदाचे तुकडे द्या.

(जुन्या गोष्टी निघाल्याच आहेत म्हणून. २०१४ आणि २०१५ ला राज्याने इंजिनिअरिंगसाठी सीईटी बंद करून जेईई मेनच धरली होती, निम्मे वजन बारावीच्या गुणांना. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यातल्या मुलांचे काय हाल झाले ते आम्ही वर्गात बघितले. २०१६ ला सीईटी परत आली. तिला कमी लेखणाऱ्यांना हे आठवत नसेल.)

मानेवाड्याची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ, रात्री कागद घेऊन बसलो आम्ही तिघं. तुम्ही म्हणालात तसंच झालं, मेनसमोर फक्त व्हीएनआयटी. मुंबईच्या आयसीटीचं (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था) नाव तिने स्वतःहून लिहिलं, मला ते माहीतही नव्हतं. एलआयटी दुसऱ्या नंबरवर आहे. मिस्टर म्हणाले, मग एवढे पैसे कशाचे मागून राहिले?

सर, तुमचा चार प्रश्नांचा हिशेब तिला दाखवला. आधी म्हणाली, 'असं कसं असेल.' मग स्वतः मांडून बघितला आणि गप्प बसली. जुनी टेस्ट काढून कोरे सोडलेले प्रश्न मोजत होती.

पण बोर्डाचं काय? सगळे म्हणतात बारावीच्या मार्कांना आता कोण विचारतं. आणि बॅच शेवटी कोणती, ते कोणीच स्पष्ट सांगितलं नाही!

निवृत्त_गणितमास्तर

बोर्ड सोडायचं नाही. कॅपसाठी राखीव गटाला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणितात, ४० टक्के पुरतात, ते तिला सहज पडतील. पण एनआयटीत प्रवेशाला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं, आणि ही अट ओबीसीलाही तशीच आहे. मेनची रँक आली आणि बारावीने घात केला, अशी मुलं असतात. जानेवारीच्या शेवटी मेनचं पहिलं सत्र आणि प्रॅक्टिकल एकमेकांच्या अंगावर येतात, मग फेब्रुवारीत लेखी. तेव्हा जानेवारीची मेन सवयीसाठी द्यायची आणि खरा जोर एप्रिलच्या सत्राला.

बॅच स्पष्टच सांगतो: बोर्ड-सीईटीची. उरलेल्या पैशातून मेनची एक टेस्ट सीरिज घ्या आणि दिवाळीपासून आठवड्याला एक पेपर तीन तास घड्याळ लावून सोडवून घ्या. अॅडव्हान्स्डचं नाव काढू नका. मेनला बसली आणि पात्र ठरली तर तेव्हा बघता येईल. २०२५ ला पात्रतेची रेघ खुल्या गटाला ९३.१ आणि ओबीसीला ७९.४ पर्सेंटाइल होती. पण पात्र ठरणं वेगळं आणि आयआयटीत जागा मिळणं वेगळं.

बॅकबेंचर_अंबाझरी

सर, फिजिक्सचं मी अजूनही मागे घेत नाही. सीईटीचं फिजिक्स आता नुसतं पुस्तक वाचून होत नाही, न्यूमेरिकल सोडवावेच लागतात. काकू, सीईटीची बॅच घेतली तर फिजिक्सपुरतं जेईई मेनचे मागचे पेपर तिला करायला लावा. रोटेशनल अन् इलेक्ट्रोस्टॅटिक्स तरी. माझ्या नोट्स पडल्या आहेत, गेटवर येऊन घेऊन जा, ती मान वळवायचा प्रश्नही मिटेल.

अन् एप्रिलचं सेंटर हिंगण्याकडे आलं, दुपारची शिफ्ट असली तर गाडीने नेऊ नका. पेपर तीनला असतो, पण गेट त्याच्या बऱ्याच आधी बंद होते, म्हणजे भर दुपारी एक-दीडला रस्त्यावर. लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो जाते, पुढचं ऑटोने.

फॉर्मवाला_सक्करदरा

सर बोलले तेच माझं मत. त्यात एवढंच जोडतो की सीईटीही २०२६ पासून दोनदा देता येईल असं जाहीर झालं आहे, दुसरी वेळ ऐच्छिक, जास्त स्कोअर तो धरणार. बोर्डाच्या दडपणातून बाहेर आल्यावर दुसरी संधी मिळते, पोरीला ते सांगा.

अन् ताई, बॅचपेक्षा महत्त्वाचं काम विसरू नका. पोरीची जात वैधता झाली आहे का? राज्याच्या कॅपमध्ये ओबीसीतून जागा घ्यायची तर नुसता जातीचा दाखला चालत नाही, वैधता प्रमाणपत्र लागते. कॉलेजातून पत्र घेऊन जात पडताळणी समितीकडे अर्ज टाका, याच महिन्यात टाका. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुने महसुली कागद गावाकडून आणायला वेळ जातो. मिस्टरांच्या घरी कोणाची वैधता आधी झाली असेल तर त्याची प्रत जोडा, काम हलकं होते.

नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रं, म्हणजे ओबीसीतल्या संपन्न गटात नसल्याची, दोन लागतील. राज्याचं वेगळं, केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं. केंद्राचं आत्ता काढून ठेवलं तर पुढच्या वर्षी चालणार नाही, प्रवेशाच्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं पाहिजे. ते तेव्हाच काढा. डोमिसाइल मात्र आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूवर उभं राहायला जागा नसते.